तुळईखालची चॅम्पियन

बोडिलच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत, एक चांदीचा कप आहे आणि त्यात वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे असतात. मोसेबी गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! "देशाची चॅम्पियन होती हो, पण बघा, मिरवणं म्हणून नाही." मोसेबीत मिरवणाऱ्याची धडगत नसते. एकाने नवी मोटार घेतली आणि एकाच आठवड्यात दोनदा धुतली, तर लोक त्याला अजून 'मंत्रीसाहेब' म्हणतात, आणि ती मोटार भंगारात जाऊनही जमाना झाला. अशा गावात चांदीच्या कपात चिमटे म्हणजे साधेपणाची अगदी कमालच.

आता खरं सांगायचं तर त्यात साधेपणा वगैरे काही नव्हता. तो कप आपला आहे, ह्यावर बोडिलचा विश्वासच नव्हता. बाविसाव्या वर्षी जिंकला, सत्तरी दाराशी आली, तरी विश्वास बसला नव्हता. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली की माणूस कशी ती कोपऱ्यात सारून ठेवतो, तसं. आणि ती दुसरी म्हणजे कोण? तर राग्ना. तिची जिवाभावाची मैत्रीण, दर गुरुवारी जिच्या थर्मासमधली कॉफी ती प्यायची, तीच.

पण हे कळायला आधी तुळई कळायला हवी.

त्या काळी मोसेबीत खेळायचा मोठा हॉल नव्हता. गावचं सभागृह होतं, लाल विटांचं, बुटकं. लग्न तिथेच, मयतानंतर जमून प्यायची कॉफी तिथेच, शनिवारचा नाच तिथेच आणि मंगळवारी नि रविवारी बॅडमिंटन तिथेच. छप्पर इतकं खाली की उंच माणसाने टोपी घालून आत यावं की नाही हा प्रश्न पडावा. आणि बरोब्बर जाळीच्या डोक्यावर एक आडवी जाडजूड तुळई. शटल तिला लागलं की दोन्हीकडून ओरडायचं, "तुळई!" आणि तो पॉइंट पुन्हा खेळायचा. एका कोपऱ्यात शेगडी होती, लोखंडी, लालबुंद. त्या कोपऱ्यात शटल घ्यायला धावलं की मोज्याला जळका वास यायचा. मोसेबीच्या खेळाडूंचा उजवा मोजा नेहमी रफू केलेला.

हे सगळं चालवायचा वाल्डेमार. किराणा दुकानदार, क्लबचा अध्यक्ष, मास्तर आणि शेगडी पेटवणाराही तोच. शटल म्हणजे हंसाच्या पिसांचं, महाग. वाल्डेमार दुकानाच्या मागे कॉफीच्या किटलीवर शटलं धरून त्यांना वाफ द्यायचा, म्हणजे पिसं लवकर मोडत नाहीत. मोसेबीच्या शटलांना कॉफीचा वास यायचा! आणि त्यातलं एखादं तुळईवर आपटून पीस तुटलं, की वाल्डेमारचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याच्या घरी कुणी वारलंय.

"वर काय बघतेस गं?" तो बोडिलवर खेकसायचा. "वर देव आहे. त्याला त्याचं काम करू दे. तू जाळीकडे बघ!"

"वाल्डेमारकाका, पण ती राग्ना पुढे येऊन उभी राहते!"

"मग तिच्या अंगावर मार. तिचं अंग फुकट आहे, शटल फुकट नाही."

तर अशा शाळेत ह्या दोघी शिकल्या. बोडिल दूध डेअरीतल्या कामगाराची, राग्ना लोहाराची. दोन्ही घरांच्या मधे एक कुंपण, त्यालाही भोक. शाळेत जायला लागल्यापासून ते मोठ्या होईपर्यंत दर मंगळवारी, दर रविवारी समोरासमोर. खांद्याच्या उंचीवरून सरळ, सपाट, सूं सूं फटके. टॉस मारायचा, म्हणजे शटल उंच उडवून समोरच्याच्या मागे टाकायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. कसं सांगणार? वर जागाच नव्हती.

पहिल्यांदा ओडेन्स शहरात मोठ्या स्पर्धेला गेल्या तेव्हाची गंमत. केवढा तो हॉल! छप्पर कुठे आहे ते बघायला मान मोडायची. बोडिलसमोरच्या मुलीने पहिलंच शटल उंच उडवलं, आणि आमची बोडिल काय करते? मोठ्याने "तुळई!" म्हणून ओरडते आणि हात खाली सोडून पुन्हा खेळायला उभी राहते. शटल मागे टप्पकन पडलं.

पंचाने वर बघितलं. सगळ्या प्रेक्षकांनी वर बघितलं.

"कसली तुळई, बाई?" पंच म्हणाला.

बाकावर बसलेल्या राग्नाला हसून हसून उचकी लागली. वाल्डेमारने तिला पाण्याचा पेला दिला नि म्हणाला, "जास्त हसू नकोस. पुढचा नंबर तुझा आहे." आणि खरंच! पुढच्या मॅचला राग्नाबाईंनी पहिल्याच उंच शटलाला जोरात आरोळी ठोकली, "तुळई!" घरी परतताना गाडीत दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि फुटायच्या. वाल्डेमार पुढे बसून एवढंच म्हणाला, "पेट्रोल जाळून इतक्या लांब गेलो, ते हे ऐकायला."

पण हळूहळू ह्याच वेडेपणाचं सोनं झालं. शहरातल्या मुली उंच उंच खेळायच्या, वेळ घ्यायच्या. बोडिल मधेच शिरून इतकं सपाट आणि जोरात मारायची की समोरचीला रॅकेट उचलायला फुरसत मिळायची नाही. पेपरवाल्यांनी लिहिलं, 'आधुनिक शैली.' वाल्डेमारने तो पेपर दुकानात काउंटरवर ठेवला. लोणी बांधून द्यायला.

राग्ना मधल्या काळात नर्सिंग शिकायला कोपनहेगनला गेली. तिथे सगळे हॉल उंच. एका हिवाळ्यात ती टॉस मारायला शिकली, आणि असातसा नाही. शटल वर जाऊन जरा विचार करून मग बरोबर मागच्या रेषेवर पडायचं. दोघी मिळून डबल्स खेळायच्या तेव्हा बोडिल पुढे, राग्ना मागे. दृष्ट लागावी अशी जोडी.

आणि मग त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा. सिंगल्सच्या फायनलला मोसेबीच्या दोन मुली! गावात दुसरं बोलणं नव्हतं. पिठाची पोती उतरवणाराही विचारायचा, "कुठली जिंकावी असं वाटतंय?" आणि लोक घाईघाईने हवापाण्यावर बोलायला लागायचे.

सकाळी सेमीफायनलला राग्नाने समोरच्या बाईला टॉस मारमारून पार रडवलं. पुढे मागे, पुढे मागे, बिचारीचे पाय दोऱ्यासारखे लुळे झाले. बोडिल बघत होती आणि प्रत्येक उंच शटलाबरोबर बाकावर जरा मागे सरकत होती. कारण उंच शटल हा बोडिलचा कच्चा दुवा. मागे पळत वर बघताना ती अजूनही दचकायची. हे जगात एकाच माणसाला पुरतं माहीत होतं, आणि ते माणूस संध्याकाळी तिच्यासमोर येणार होतं.

आणि संध्याकाळी राग्नाने टॉस मारलाच नाही! तीन गेम झाले, सगळेच्या सगळे फटके डोक्याच्या खालून. सूं सूं, सूं सूं. बोडिल जिंकली, अगदी थोडक्यात. राग्नाने जाळीवरून हात मिळवला, "मस्त खेळलीस" म्हणाली, आणि परतीच्या बोटीवर कॉफी आणायला म्हणून जी गेली ती पलीकडचा किनारा दिसायला लागल्यावर दोन थंडगार पेले घेऊन आली. "रांग होती," म्हणाली.

बोडिलने ती थंड कॉफी प्यायली, आणि प्रत्येक घोटाबरोबर तिची खात्री होत गेली. हिने मला सोडलं. मुद्दाम सोडलं.

विचारायचं कसं? 'तू मला जिंकू दिलंस का' असं विचारणं म्हणजे 'हो' ऐकायची तयारी हवी. ती नव्हती. शिवाय त्या कपाच्या मागोमाग सगळंच यायला लागलं. राष्ट्रीय चॅम्पियन म्हणून लंडनला पाठवलं. जाकार्ताला पाठवलं, तिथे छप्पर इतकं उंच की आत चिमण्यांनी संसार मांडलेले, आणि लोक असे ओरडायचे की बोडिलला स्वतःचा श्वास ऐकू येईना. तळलेली केळी तिने आयुष्यात पहिल्यांदा तिथे खाल्ली, एवढी आवडली की मॅचच्या आधी कोचने पिशवी काढून घेतली. मागे पळायला, वर बघायला शिकली ती. जिंकली, हरली, पुन्हा जिंकली. बक्षिसं तरी काय असायची तेव्हा! टेबलावरचा दिवा, चांदीचा चमचा, एकदा तर बिछान्याची चादर. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. पण प्रत्येक वेळी विमानात बसताना तिच्या मनात यायचं, ह्या खिडकीशी राग्ना बसायची होती.

पुढे लग्न झालं, एगिलशी, मुलगी झाली, गुडघा गेला, खेळ सुटला. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून नोकरी केली, आणि ती तिला फार मानवली. तोंड आ करून बसलेला माणूस फायनलबद्दल विचारू शकत नाही ना! राग्नाही गावात परत आली, सायकलवरून घरोघर फिरणारी नर्स झाली. तिच्या आवाजाने अर्धं गाव वेळेवर गोळ्या घ्यायचं.

सभागृहाच्या पलीकडे केव्हाच नवा हॉल झाला, उंच, झगझगीत. तिथे दर गुरुवारी सकाळी निवृत्त मंडळी खेळतात, म्हणजे अर्धा वेळ खेळतात आणि दीड वेळ कॉफी पितात. बोडिल आणि राग्ना कायम एका बाजूला. लोकांना वाटायचं, काय ती मैत्री! समोरासमोर उभ्या म्हणून राहत नाहीत. बोडिल हसून मान डोलवायची. तिनेच तसं जमवून आणलं होतं. फायनलनंतर ती राग्नासमोर जाळीपलीकडे एकदाही उभी राहिली नव्हती.

असंच निभावून गेलं असतं. पण सत्तरी आली, आणि सत्तरी म्हटली की गाणं आलं. आपल्याकडे मोठ्या वाढदिवसाला कुणीतरी गाणं रचतं, ओळखीच्या चालीवर, आणि जेवणात सगळे पाहुणे कागद हातात धरून ते म्हणतात. ज्याचा वाढदिवस त्याची त्यात यथेच्छ धुलाई. मोसेबीची सगळी गाणी राग्ना रचते. पोस्टमास्तर होल्गरच्या पंचाहत्तरीला तिने त्याच्या केसांच्या टोपावर कडवं केलं होतं. तोवर होल्गरला वाटायचं की टोप आहे हे कुणाला माहीत नाही.

एक दिवस बोडिल रिकाम्या बाटल्या ठेवायला गॅरेजकडे गेली, तर आत राग्ना आणि एगिल कुजबुजत होते.

"घोरते का?" राग्ना विचारत होती.

"घोरते म्हणजे? ट्रॅक्टर."

"छान, एक कडवं झालं. आणि फायनलवर तीन करणार आहे मी. सगळं घालणार. पन्नास वर्षं झाली, आता सांगून टाकायला हरकत नाही."

बोडिलच्या हातातल्या बाटल्या वाजल्या. आत एगिल एकदम मोठ्याने म्हणाला, "तर असं आहे बघ राग्ना, गवत कापायच्या मशीनचं!"

त्या दिवसापासून बोडिलचं चित्त थाऱ्यावर नाही. सगळं घालणार, म्हणजे काय घालणार? भरल्या मांडवात, केकवर छोटे झेंडे खोचलेले, आणि सगळं गाव सुरात म्हणणार की कप हिचा नव्हताच? आणि समजा राग्नाने मैत्रीखातर खोटं लिहिलं, तर आपण टेबलाच्या मधोमध बसून, हसरं तोंड करून ते ऐकायचं? कुठलं वाईट, तेच तिला ठरवता येईना. बटाटे दोन दिवस अळणी झाले. एगिल निमूट खात होता. तिसऱ्या दिवशी मिठाची बरणीच टेबलावर घेऊन बसला.

"अगं, विचार ना तिला, जे काय आहे ते," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"मला काय माहीत! पण माझ्या बटाट्यांसाठी तरी विचार."

गुरुवारी हॉलवर गेल्याबरोबर बोडिलने रॅकेट उचलली आणि जाळीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"राग्ना, आज दोघीच. समोरासमोर."

"डोकं फिरलं का तुझं? दोघींचा मिळून एक गुडघा धड आहे."

"घाबरलीस?"

"मी? तुला? जा गं! होल्गर, दे ते शटल."

बाकीच्यांनी आपले खेळ थांबवले. सुरुवात झाली आणि, अहाहा, काय सांगू! दोन म्हाताऱ्या, एकीच्या गुडघ्याला पट्टा, एकीच्या कमरेला लोकरीचा गुंडाळा. पण शटल असं चाललं होतं की मधे हात घातला तर कापला जाईल. सूं सूं, सूं सूं. होल्गरच्या तोंडातला पेपरमिंट तसाच राहिला.

बोडिल मात्र खेळत नव्हती, ती तपासत होती. ती मुद्दाम पुढे सरकली. मागे जागा मोकळी. ह्याच राग्नाने गेल्या गुरुवारी होल्गरला टॉस मारून घामाघूम केलं होतं. पण आता शटल आलं ते सपाट, थेट बोडिलच्या रॅकेटवर. बोडिल आणखी पुढे आली. पुन्हा सपाट. शेवटी ती जाळीला इतकी चिकटली की तिच्यावर टॉवेल वाळत घालता आला असता, आणि मागे सगळं मैदान उघडं पडलं होतं. तरीही सपाट!

बोडिलने शटल हातात धरलं.

"टॉस मार!" ती ओरडली.

"काय?"

"मागे सगळं रिकामं आहे, आंधळ्यालाही दिसेल! टॉस मार ना! तेव्हाही मारला नाहीस, आताही मारत नाहीस. दया करतेस माझ्यावर?"

"तेव्हा म्हणजे कधी?"

"फायनलला!"

राग्ना जाळीपाशी आली. गोळी न घेतलेल्या पेशंटकडे बघायची तो तिचा जुना चेहरा. "तुला वाटतं मी मुद्दाम हरले?"

"पन्नास वर्षं वाटतंय."

"पन्नास वर्षं! आणि दर गुरुवारी माझी कॉफी ढोसत होतीस? साखर घालून?"

"मग खरं काय ते सांग की!"

"खरं सांगू? मला येईचना!" राग्ना रॅकेटची मूठ हातात पिळत होती. "सकाळी त्या बाईला मी नाचवलं. तोच हात, तीच रॅकेट. संध्याकाळी जाळीपलीकडे तू. मी सारखी स्वतःला सांगतेय, वर मार, वर मार, बोडिलला वरचं जमत नाही. आणि हात वर जायला लागला की डोक्यावर तुळई! अगं, तुझ्यासमोर मी जन्मात कधी टॉस मारला नव्हता. तू समोर दिसलीस की छप्परच खाली यायचं. तिसऱ्या गेमला एकदा हिय्या करून मारला, आठवतंय?"

"तो जाळीत गेलेला? तो टॉस होता?"

"जाईल नाही तर काय! अर्ध्यात हात आखडला. वाल्डेमार ओरडेल म्हणून!"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, देशाच्या फायनलला, दोन मोसेबीच्या मुली एका नसलेल्या तुळईखालून खेळत होत्या. आणि बोडिलने त्याचा काय अर्थ लावला!

"आणि दया?" राग्नाचा आवाज खाली आला. "तुला तो कप द्यायला मी कोण, संत? मला तो हवा होता गं. इतका हवा होता की बोटीवर मी संडासात बसून रडले. बाहेर लोक दार बडवत होते. आईलासुद्धा बोलले नाही. आपल्याकडे कोण बोलतं का, मला हवं होतं म्हणून? गाण्यात घालणार होते तुझ्या. म्हटलं, गाण्यातून तरी सांगून टाकावं, लोक हसतील, संपेल."

"रांग होती म्हणालीस."

"होतीच. माझ्यामुळेच."

बोडिलने जाळीवरून हात घालून तिचं मनगट धरलं. मग बोडिलने शटल तिच्या हातात दिलं. "आता मार. एक. मी जाळीशीच उभी आहे."

राग्नाने दम घेतला, खांदा मागे नेला, हात उचलला, आणि दोघींनी एकदम वर बघितलं. शटल फुस्सकन जाळीत. दोघी जाळी धरून हसायला लागल्या, इतक्या की जाळीचा खांब हलायला लागला आणि होल्गर धावत आला. त्याला वाटलं कुणाला तरी झटका आला.

हसू ओसरलं तशी बोडिल एकदम ताठ उभी राहिली.

"म्हणजे मी जिंकले."

"हो."

"खरंखुरं जिंकले."

"हो म्हटलं ना."

"पुन्हा म्हण."

"तू जिंकलीस, बोडिल! मी जीव तोडून खेळले आणि तू मला हरवलंस. झालं समाधान? दात आत घे, मेले!"

पण दात काही आत जाईनात. कॉफीच्या टेबलाशी बोडिल आली ती कानापर्यंत हसतच. होल्गरने कुठला विषय काढला होता, बहुतेक रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाचा, तर ही मधेच म्हणते, "तुम्हाला माहीत आहे का, मी देशाची चॅम्पियन होते. फायनलला फार चांगली खेळले मी. फारच चांगली."

मोसेबीत असं कुणी बोलत नाही. बोडिल तर नाहीच नाही. होल्गरने टोप चाचपला. कुणीतरी खाकरलं.

"हिला आज झालंय काय?" होल्गरने राग्नाला हळूच विचारलं.

"काही नाही रे," राग्ना बोडिलच्या पेल्यात कॉफी ओतत म्हणाली. "आत्ताच जिंकून आलीये ती. जरा वेळ जाऊ दे."

ताटलीत दालचिनीच्या पेस्ट्रीचा एकच तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा आपल्याकडे कुणी उचलत नाही. 'तू घे, तू घे' करत तो वाळून जातो आणि मग घरी नेऊन पाखरांना घालतात. बोडिलने हात लांब केला, सगळ्यांच्या देखत तो उचलला, आणि बोटांना लागलेली साखर चाटत चाटत सावकाश खाल्ला.